डावीकडून आत काय येतंय?

दर दोन-तीन आठवड्यांनी मला कुणा ज्युनियरचा मेसेज येतो, आणि तो साधारण असाच असतो: दादा मी मेकॅनिकल केलंय, किंवा एमएस्सी फिजिक्स, बायोलॉजी दहावीनंतर सोडली, पण ते ट्युरिंग पॅटर्न, बिबट्याचे ठिपके, बॅक्टेरियाच्या नक्षी वगैरे बघितलं आणि डोक्यातून जाईना, यात पीएचडी जमेल का. प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळलोय म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. लांबणार आहे, चहा घेऊन बसा, चहा पुढे लागणारच आहे.

आधी माझं सांगतो म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. वारणेच्या पट्ट्यातलं गाव, घरी ऊस, सांगलीला बीई मेकॅनिकल, मग चाकणला एका कंपनीत तीन वर्षं सीएफडी, म्हणजे गाडीच्या एसीची हवा आत कशी फिरते ते कॉम्प्युटरवर काढायचं. माझी बायोलॉजी म्हणजे बेडकाच्या पोटाची आकृती आणि तीही मित्राच्या जर्नलमधून उतरवलेली. तिथून मी जर्मनीत पीएचडीला आलो आणि आता उपाशी अमीबांवरून पाणी सोडतो आणि त्यांच्यात लाटा कशा उठतात ते मोजतो. आईला हे फोनवर समजावताना पहिली दोन वर्षं गेली, ती अजूनही शेजारी सांगते की पोरगा पाण्याच्या खात्यात आहे. अगदीच चूक नाही म्हणा.

तर विषय काय आहे. 1952 साली अॅलन ट्युरिंगने एक पेपर लिहिला, तोच कॉम्प्युटरवाला ट्युरिंग. त्यात त्याने दाखवलं की दोन रसायनं घ्या, एक स्वतःला वाढवणारं आणि हळू पसरणारं, दुसरं त्याला दाबणारं आणि भराभर पसरणारं, तर सगळीकडे सारखं असलेलं मिश्रण आपोआप बिघडतं आणि ठिपके-पट्टे तयार होतात. गंमत अशी की डिफ्यूजन म्हणजे पसरणं, त्याचं काम सगळं सपाट करायचं, साखर ढवळली नाही तरी शेवटी चहाभर होतेच, आणि इथे तेच पसरणं नक्षी काढतं. 1972 मध्ये गीरर आणि माइनहार्ट यांनी हीच कल्पना स्वतंत्रपणे, हायड्रा डोळ्यासमोर ठेवून मांडली. हायड्रा म्हणजे तो तळ्यातला छोटा प्राणी, तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्याला बरोबर डोकं आणि पाय फुटतात. पुण्यातल्या पाण्यातला हायड्राचा एक स्ट्रेन आहे, त्याच्या नावातच पुणे आहे, आणि आघारकर इन्स्टिट्यूटमध्ये त्यावर बरीच वर्षं काम झालंय, त्यामुळे हे सगळं परदेशीच असतं असं डोक्यात घेऊ नका.

आता मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग. ट्युरिंगची नक्षी खऱ्या रसायनांत पहिल्यांदा दिसली 1990 मध्ये, फ्रान्समध्ये बोर्दोला, म्हणजे पेपरनंतर 38 वर्षांनी. आणि ती दिसावी म्हणून त्यांना रसायनं जेलमध्ये, म्हणजे जेलीसारख्या घट्ट थरात, कोंडावी लागली, कारण साधं पाणी ठेवलं की ते जरासं गरम-थंड झालं तरी हलतं आणि नक्षी पुसून टाकते. थोडक्यात, शुद्ध ट्युरिंग पॅटर्न बघायचा तर आधी प्रवाह बंद करावा लागतो. आता सांगा, जिवंत शरीरात प्रवाह कुठे बंद असतो? रक्त वाहतंय, पेशीच्या आतला द्रव वाहतोय, गर्भाच्या खड्ड्यातलं पाणी फिरतंय, जमिनीतल्या ओलाव्यातून बॅक्टेरिया वाहून चाललेत. आणि हे सगळं कशाच्या तरी आत आहे, भिंत आहे, कवच आहे, कड आहे. पुस्तकातलं पॅटर्न फॉर्मेशन, म्हणजे नक्षी तयार होणं, अमर्याद पसरलेल्या शांत पाण्यात होतं आणि खरं पॅटर्न फॉर्मेशन वाहत्या, कोंडलेल्या पाण्यात, आणि आमचा अख्खा धंदा या दोन वाक्यांमधल्या फटीत चालतो.

कडेचं एक सोपं उदाहरण. बिबट्याच्या अंगावर ठिपके असतात पण शेपटीच्या टोकाकडे गेलात की कडी-कडी, आडवे पट्टे. जेम्स मरे नावाच्या गणितज्ञाने हे नीट मांडलं: शेपूट म्हणजे निमुळती होत गेलेली नळी, नक्षीचा आकार ठरलेला, आणि नळीचा घेर त्या आकारापेक्षा लहान झाला की घेराच्या दिशेने ठिपका मावतच नाही, मग उरतो फक्त पट्टा. त्यामुळे ठिपकेवाल्या प्राण्याला पट्ट्यांची शेपूट असू शकते, उलटं नाही. आमच्याकडे उसात बिबट्या दिसला की सगळं गाव पळतं, तेव्हा शेपूट बघायला कोण थांबणार, पण जुन्नरकडचे वनखात्याचे फोटो झूम करून बघा.

हे वाचून बरेच जण म्हणतात समजलं, बाउंड्री म्हणजे आकार. तिथेच पहिला घोटाळा होतो आणि माझाही तिथेच झाला, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

इंजिनियरिंगला आपल्याला बाउंड्री कंडिशन, म्हणजे कडेला काय घडतं ते सांगणारी अट, ही गणितातली शेवटची ओळ वाटते. समीकरण लिहा, सोडवा, शेवटी दोन मार्कांसाठी कडेला काय ते घाला. मी पीएचडीच्या पहिल्या सहा महिन्यांत एक सिम्युलेशन केलं, पायथनमध्ये, एका चॅनलमधली, म्हणजे पाणी वाहणाऱ्या बारीक नळीतली, दोन रसायनं अधिक प्रवाह. ग्रिडवरच्या शेजारच्या खान्यातली किंमत घ्यायला नमपाय या पायथन लायब्ररीचं रोल फंक्शन वापरलं, सगळेच वापरतात, एका ओळीत काम होतं. इतक्या सुंदर पट्ट्या आल्या, प्रवाहाबरोबर सरकतायत, न थकता, दोन दिवस चालवलं तरी चालूच. ग्रुप मीटिंगला वीस स्लाइड्स केल्या. पाचव्या स्लाइडला एका पोस्टडॉक बाईंनी विचारलं, डावीकडून आत काय येतंय? मी म्हणलं, बफर, म्हणजे मीठ-पाणी. त्या म्हणाल्या, ते चॅनलमध्ये, तुझ्या कोडमध्ये काय येतंय?

मी गप्प. कारण रोल फंक्शन उजवीकडून जे बाहेर पडतं तेच डावीकडून आत घालतं, जुन्या नोकियातला साप कसा भिंतीतून गेला की पलीकडून यायचा, तसं. म्हणजे माझा चॅनल चॅनल नव्हताच, वर्तुळ होतं, आणि माझ्या पट्ट्या त्यात गोल-गोल फिरत होत्या. मी बाउंड्री कंडिशन निवडलीच नाही असं मला वाटत होतं, पण निवडली होती, एका फंक्शनने माझ्या वतीने निवडली होती. त्याच रात्री डावीकडे ताजं पाणी आणि उजवीकडे मोकळं तोंड घातलं. सिम्युलेशनमधल्या तासाभरात सगळ्या पट्ट्या उजवीकडून वाहून गेल्या आणि चॅनल कोरा.

यामागचं कारण समजून घ्या कारण या फील्डमध्ये हे रोज लागतं. पाटाच्या कडेला उभे आहात असं समजा. पाण्यात एक छोटीशी गडबड झाली, ती वाढतेय पण वाढता वाढता वाहूनही चाललीय. जर ती इतक्या वेगाने पसरत असेल की प्रवाहाच्या उलटही सरकते तर तुमच्या पायाशी ती कायमची बसते, याला अॅब्सोल्यूट इन्स्टॅबिलिटी म्हणतात. पण प्रवाह जास्त जोरात असेल तर गडबड तुमच्यासमोरून जाते, खाली जाऊन चांगली मोठी होते, आणि तुमच्या पायाशी पाणी पुन्हा शांत, ही कन्व्हेक्टिव्ह. दुसऱ्या प्रकारात नक्षी टिकायची असेल तर वरून कुणीतरी सतत पाणी हलवत राहायला हवं. म्हणजे सिस्टीम स्वतः नक्षी करत नाही, वरून जे काही येतं ते वाढवून दाखवते, लग्नातल्या त्या लाउडस्पीकरसारखी, माइकपाशी कोण खोकलं तरी सगळ्या मांडवाला कळतं. आणि वर्तुळाच्या सिम्युलेशनमध्ये हे दोन प्रकार वेगळे ओळखूच येत नाहीत, कारण गेलेली गडबड परत येते.

आता माझे अमीबा. डिक्टीओस्टेलियम डिस्कॉइडियम, लॅबमध्ये नुसतं डिक्टी. पालापाचोळ्यातल्या मातीत राहणारा, एकेक पेशी दहा मायक्रॉनची, बॅक्टेरिया खातो. खाणं संपलं की चार-पाच तासांत सायक्लिक एएमपी नावाचं रसायन सोडायला लागतो, शेजाऱ्याला ते लागलं की तो स्वतःही सोडतो आणि जिकडून आलं तिकडे सरकतो. साधारण दर सहा मिनिटांनी एक लाट. डार्क फील्डमध्ये, म्हणजे मागचं सगळं काळं ठेवणाऱ्या मायक्रोस्कोपखाली, बघितलं तर काळ्या पाटीवर पांढऱ्या रेघा फिरताना दिसतात, गोल, कधी स्पायरल. शेवटी लाखभर पेशी एकत्र येऊन एक देठ आणि वर बीजाणूंचा गोळा करतात, त्यात साधारण पाचातली एक पेशी देठ होऊन मरते. आपल्याकडे बेंगळुरूच्या आयआयएस्सीत विद्यानंद नंजुंडैया यांनी या प्राण्यावर कितीतरी वर्षं काम केलंय, त्यांचे लेख शोधून वाचा, भाषा अतिशय स्वच्छ.

या पेशींवरून पाणी वाहतं ठेवलं की चित्रच बदलतं. गोल लाटांच्या जागी चॅनलभर आडव्या पट्ट्या येतात, प्रवाहाबरोबर खाली जातात, आणि प्रवाह वाढवला की त्यांचा वेगही वाढतो. हे ग्योटिंगेनच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटमधल्या ग्रुपने 2015 मध्ये छापलं. पुढे त्यांनीच दाखवलं की वरच्या टोकाला जे ताजं पाणी येतं, ज्यात सायक्लिक एएमपी शून्य आहे, ती शून्याची कडच लाटा सुरू करणारी जागा होऊ शकते. वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. ज्या कडेला आपण काही नाही असं लिहितो ते काही नाहीच काम करतंय!

आकडे टाकून बघा, आकड्यांशिवाय हे सगळं कीर्तन होतं. माझा चॅनल दीड मिलिमीटर रुंद, 100 मायक्रॉन उंच, तीन सेंटीमीटर लांब. प्रवाह मिनिटाला एक मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 17 मायक्रॉन. सायक्लिक एएमपी पाण्यात पसरतं ते सेकंदाला साधारण 400 चौरस मायक्रॉन या हिशोबाने. तर एक मिलिमीटर अंतर नुसतं पसरत कापायला वीस-एक मिनिटं, प्रवाहाबरोबर एक मिनिट. या दोन्हींचं गुणोत्तर सांगणारा आकडा म्हणजे पेक्ले नंबर, वेग गुणिले लांबी भागिले डिफ्यूजन, इथे एक मिलिमीटरला साधारण 42. पण उंचीच्या दिशेने, 100 मायक्रॉनला, फक्त 4. म्हणजे लांबीत प्रवाह राजा आणि उंचीत डिफ्यूजन अजून बरोबरीला आहे, एकाच चॅनलमध्ये. पाणी किती खळखळेल ते सांगणारा रेनॉल्ड्स नंबर हजारात दोनच्या आसपास, तेव्हा टर्ब्युलन्स विसरा, चाकणला शिकलेलं निम्मं मी तिथेच सोडून दिलं.

आता दुसरी फजिती, ही जास्त महाग पडली. कोड सुधारलं, प्रयोगाला लागलो. लॅबमध्ये आधीच्या कुणीतरी थ्रीडी प्रिंट करून बनवलेला सिरिंज पंप पडला होता, टप्प्याटप्प्याने फिरणारी स्टेपर मोटर, एका फेऱ्याला 200 स्टेप, एक मिलिमीटर पिचचा, म्हणजे फेऱ्याला एक मिलिमीटर सरकणारा स्क्रू. त्यावर दहा मिलीची सिरिंज लावली, तासाला 9 मायक्रोलिटर. रात्रभर शूट केलं, सकाळी बघतो तर लाटा! एकसारख्या, चॅनलभर, दर साडेपाच मिनिटांनी. साहित्यात सहा मिनिटं लिहिलंय, मला साडेपाच मिळाली, अजून काय पाहिजे. अकरा आठवडे डेटा गोळा केला, कॉन्फरन्सला अॅब्स्ट्रॅक्ट पाठवला.

मग एके दिवशी दहा मिलीच्या सिरिंज संपल्या म्हणून एक मिलीची लावली आणि लाटा गायब.

दोन दिवस मी पेशींना शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी परत तोच प्रश्न आठवला, डावीकडून आत काय येतंय, आणि कागद घेऊन बसलो. दहा मिलीच्या सिरिंजचा आतला व्यास साडेचौदा मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ 165 चौरस मिलिमीटर. मोटर एक स्टेप पुढे गेली की दट्ट्या 5 मायक्रॉन सरकतो, म्हणजे एका स्टेपला 0.83 मायक्रोलिटर. तासाला 9 पाहिजेत तर दोन स्टेपमधलं अंतर किती? साडेपाच मिनिटं. बसल्या जागी घाम फुटला. मी जे अकरा आठवडे मोजत होतो तो माझ्या अमीबांचा ठोका नव्हता, मोटरचा होता. प्रत्येक स्टेपला पाणी एकदम साडेपाच मिलिमीटर पुढे ढकललं जायचं आणि मग पुढची साडेपाच मिनिटं जवळजवळ गप्प, ट्यूब मऊ असल्यामुळे धक्का थोडा बोथट व्हायचा इतकंच. एक मिलीच्या सिरिंजला तीच स्टेप चौतीस सेकंदांनी येते, तेवढ्या घाईने पेशी उत्तर देऊ शकत नाहीत कारण एकदा सिग्नल सोडल्यावर त्यांना काही मिनिटं दम घ्यावा लागतो, म्हणून लाटा गेल्या. चॅनल लाउडस्पीकर, पंप माइकपाशी खोकणारा.

पेशी न घालता नुसते एक मायक्रॉनचे चमकणारे मणी सोडून बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं, नंतर बघितलं, मणी टुक करून उडी मारायचे आणि थांबायचे. अॅब्स्ट्रॅक्ट मागे घेतला. गाइड ओरडले नाहीत, फक्त म्हणाले आता तू हा पंप कधीच विसरणार नाहीस, आणि खरंय. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: कुठलाही ठोका दिसला की सिरिंज बदला, ट्यूबची लांबी बदला, मायक्रोस्कोपच्या खोलीतला एसी बंद करून बघा. आकडा सिरिंजबरोबर बदलला तर तो सिरिंजचा, बदलला नाही तर मग पेशींबद्दल बोला. पुढे खऱ्या लाटा आल्या, सिरिंज कुठलीही असो सहाच्या आसपास, पण दिसायला त्या मोटरवाल्या लाटांइतक्या देखण्या नव्हत्या. देखणं काही दिसलं की मला अजून संशय येतो.

बुडबुड्यांबद्दल वेगळं लिहायला हवं पण थोडक्यात सांगतो: चॅनलचं सिलिकॉन रबर हवा आत येऊ देतं, रात्रीत बुडबुडा वाढतो, आणि बुडबुडा म्हणजे तुम्ही न मागितलेली नवीन भिंत. बफर आधी व्हॅक्यूमखाली ठेवून त्यातली हवा काढा. बास.

भिंतीचं काम किती बारीक असू शकतं याचं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण आता. आपलं हृदय डावीकडे असतं, हे गर्भाला कसं कळतं? उंदराच्या गर्भात साधारण आठव्या दिवशी एक छोटा खड्डा असतो, नोड, त्यात शेकडो केसासारख्या सिलिया गरगर फिरतात, सेकंदाला दहाएक फेऱ्या. 1998 मध्ये जपानमध्ये नोनाका, हिरोकावा आणि मंडळींनी दाखवलं की यामुळे खड्ड्यातलं पाणी डावीकडे वाहतं, आणि सिलिया नसतील तर डावं-उजवं ठरणं नशिबावर. आता प्रश्न असा की गोल फिरणारी काठी पाणी एकाच दिशेला कशी ढकलेल? गोलाचा अर्धा भाग डावीकडे, अर्धा उजवीकडे, बेरीज शून्य. उत्तर भिंतीत आहे. या सिलिया सरळ उभ्या नसतात, गर्भाच्या मागच्या बाजूला कललेल्या असतात. त्यामुळे फेऱ्याचा एक अर्धा भाग जमिनीजवळून जातो आणि एक वरून. जमिनीला चिकटलेलं पाणी हलत नाही, पाटाच्या तळाशी जसं जवळपास थांबलेलं असतं, म्हणून जमिनीजवळचा फटका वाया जातो आणि वरचा, डावीकडचा, कामी येतो. नुसता कल आणि नुसती भिंत! 2002 मध्ये नोनाका आणि हामादा यांच्या मंडळींनी गर्भाला एका छोट्या चेंबरमध्ये ठेवून पंपाने उलटा, उजवीकडे जाणारा प्रवाह दिला आणि गर्भाची डावी-उजवी बाजू उलटी झाली. माणसांत ज्यांच्या सिलिया जन्मतः नीट चालत नाहीत त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्यांचं हृदय उजवीकडे असतं, निम्म्यांचं, कारण तिथे खरंच छापा-काटा होतो. (त्यांचा पंप कुठल्या मेकचा होता हे मी एकदा खरंच शोधत बसलो होतो.)

प्रवाह दर वेळी नक्षी वाहून नेतो किंवा चालू ठेवतो असंही नाही, कधी तो फक्त एक धक्का देतो. सी एलिगन्स नावाच्या किड्याचं अंडं, 50 मायक्रॉन लांब, त्यात पुढचं-मागचं ठरवणारी PAR नावाची प्रोटीन्स असतात. पेशीच्या कातडीखालचा थर पुढच्या टोकाकडे वाहतो आणि एक गट प्रोटीन्स त्याबरोबर ओढून नेतो, रिकाम्या जागेवर दुसरा गट बसतो, मग प्रवाह थांबला तरी वाटणी तशीच. 2011 मध्ये ड्रेस्डेनच्या ग्रुपने याचं गणित आणि मोजमाप एकत्र दाखवलं. तो पेपर नवीन माणसाने वाचावाच, गणित कमी आणि विचार जास्त आहे.

बरं, आता करायचं काय.

मेकॅनिकल, केमिकल, फिजिक्सवाल्यांनो, तुमचा प्रॉब्लेम गणित नाही, तुमचा प्रॉब्लेम रविवार आहे. डिक्टी आठ ते बारा तासांनी दुप्पट होतात, त्यांना शनिवार-रविवार कळत नाही, फ्लास्कमध्ये गर्दी झाली की सोमवारचा प्रयोग गेला. पहिल्या वर्षी मी तीनदा अख्खं कल्चर घालवलं, एकदा तर बुरशीने, कारण बाटलीचं झाकण टेबलावर उलटं ठेवायचं की सुलटं यावर मी हसलो होतो. बायोलॉजी सगळी शिकायला जाऊ नका, एकच प्राणी घ्या आणि त्याचं सगळं शिका, तो काय खातो इथपासून. बायोलॉजीवाल्यांनो, तुम्हाला घाबरवणारं गणित खरं तर एवढंच आहे: दोन समीकरणं, दोन बाय दोनचं मॅट्रिक्स, त्याची आयगेन व्हॅल्यू कधी धन होते ते बघायचं, याला लिनियर स्टॅबिलिटी म्हणतात. तीन आठवडे रोज एक तास कागद-पेन घेऊन बसलात तर जमतं, आमच्या ग्रुपमधल्या मायक्रोबायोलॉजीच्या मुलीला जमलं आणि आता ती माझ्या चुका काढते.

सरावाला ग्रे-स्कॉट नावाचं मॉडेल घ्या, डिफ्यूजन 0.16 आणि 0.08, फीड 0.035, किल 0.065, ग्रिडच्या दोन खान्यांमधलं अंतर एक आणि टाइम स्टेप एक, लॅपटॉपवर काही मिनिटांत नक्षी येते. ती आली की सगळे थांबतात आणि स्टेटसला टाकतात. तुम्ही थांबू नका. तेच रोल फंक्शन काढून बंद भिंत घाला. मग एका बाजूला किंमत बांधून टाका. मग प्रवाह घाला, हळूहळू वाढवा, आणि कुठल्या वेगाला नक्षी वाहून जाते ते शोधा, आधी वर्तुळात आणि मग खऱ्या तोंडांच्या चॅनलमध्ये, दोन्हींत काय फरक पडतो ते वहीत लिहा. एवढं एका महिन्यात केलंत तर मी सहा महिन्यांत जे शिकलो ते झालं.

प्रवाहाचं कोड लिहिताना एक सापळा. साधा मधला फरक घेऊन प्रवाह लिहिला आणि ग्रिड जाड ठेवलं तर उत्तरात खोट्या लाटा येतात, वेग गुणिले ग्रिड भागिले डिफ्यूजन हे 2 च्या वर गेलं की समजा घोळ. मग लोक अपविंड पद्धत, म्हणजे प्रवाह जिकडून येतो तिकडचाच शेजारी घेणारी, वापरतात, लाटा जातात पण गुपचूप जादा डिफ्यूजन आत येतं, वेग गुणिले ग्रिडच्या निम्मं. माझ्या आकड्यांत 20 मायक्रॉनच्या ग्रिडला ते 167 होतं, खरं डिफ्यूजन 400 असताना! म्हणजे फुकटात चाळीस टक्के जास्त पसरणारं रसायन. ग्रिड अर्धं करून पुन्हा चालवा, नक्षी बदलली तर ती निसर्गाची नाही.

प्रयोगाची सोय नसेल तर चहा. स्टीलच्या ताटात किंवा काचेवर चहाचा एक थेंब टाका आणि मोबाइल वर टांगून टाइमलॅप्स लावा. डाग मधे नाही, कडेला गडद होतो. थेंबाची कड जागेवर अडकलेली असते, बाष्पीभवन कडेला जास्त, तिथलं गेलेलं पाणी भरून काढायला आतून बाहेर प्रवाह सुरू होतो आणि चहाचे कण कडेला नेऊन टाकतो, 1997 मध्ये शिकागोच्या मंडळींनी कॉफी घेऊन हे समजावलं. प्रवाह आणि कड मिळून नक्षी काढतात याचं इतकं स्वस्त उदाहरण दुसरं नाही. फिजी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात या व्हिडिओचा कायमोग्राफ काढा, म्हणजे एका रेघेवरची चमक वेळेबरोबर खाली-खाली मांडायची. कायमोग्राफ वाचता आला की आमच्या फील्डमधल्या अर्ध्या आकृत्या वाचता येतात.

प्रवेशाचं पटकन. भारतात करायचं तर आयसर पुणे, बेंगळुरूला एनसीबीएस आणि आयसीटीएस, आयआयएस्सी, आयआयटी मुंबई ही नावं आधी बघा. परीक्षा तुमच्या विषयानुसार गेट, जेस्ट, नेट, आणि बायोलॉजीच्या बाजूने जायचं तर जेजीईईबिल्स (JGEEBILS). जेआरएफ, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीची फेलोशिप, 2023 पासून 37,000 महिना आहे, वेळेवर येतो का ते सीनियरना विचारा. सायन्स अकॅडमींची समर फेलोशिप बीई-बीएस्सीला असतानाच भरा, माझं ते राहून गेलं. आयसीटीएसची लेक्चर्स यूट्यूबवर फुकट आहेत. जर्मनीत सहसा पीएचडी म्हणजे नोकरीचं काँट्रॅक्ट असतं, वेगळी प्रवेशपरीक्षा फारशी नसते, थेट प्रोफेसरला मेल करायचा किंवा जाहिरातीला अर्ज. चाकणची तीन वर्षं वाया गेली का असं बरेच जण विचारतात, तर नाही, मेश आणि बाउंड्री म्हणजे काय हे ज्याला हाताने माहितीये असा माणूस बायोलॉजीच्या लॅबला मिळत नाही, इंटरव्ह्यूला माझं तेच चाललं.

आणि तो मेल लिहिताना लहानपणापासून मला निसर्गाची ओढ वगैरे नको, रोज तसे दहा येत असतील. वर सांगितलेल्या सिम्युलेशनचा वीस सेकंदांचा व्हिडिओ जोडा, खाली दोन ओळींत लिहा की चारही कडांना काय घातलंय आणि ते बदलल्यावर काय झालं. आधी मला पाठवलात तरी बघेन, फक्त रविवारी संध्याकाळी मेसेज करू नका, तेव्हा मी पेशी धूत असतो आणि हातात ग्लोव्ह्ज असतात.